मोटारसायकलच्या टाकीतील गंज: सफाई, छिद्रांची दुरुस्ती आणि आतला लेप

टाकी आतून गंजली आहे याची पहिली खबर बहुधा कार्ब्युरेटर देतो. वरच्या वेगाला इंजिन अडखळू लागते, त्यातील पेट्रोल साठणाऱ्या फ्लोटच्या वाटीत विटकरी रंगाचा बारीक गाळ सापडतो, किंवा गाळाचा कण पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या बैठकीत अडकून पेट्रोल बाहेर ओघळू लागते. कार्ब्युरेटर साफ केला की गाडी काही दिवस बरी चालते आणि मग तोच त्रास पुन्हा सुरू होतो, कारण गाळ जिथून येतो ती जागा तशीच राहिलेली असते. कार्ब्युरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये हाच गाळ पंपाच्या जाळीवर साचतो आणि पंप हळूहळू निकामी होतो.

अशा वेळी टाकीत लेप म्हणजे सीलर ओतला की काम झाले, अशी समजूत सर्रास आढळते. माझे मत याच्या उलट आहे. लेप ही या कामाची शेवटची पायरी आहे आणि पत्रा शाबूत असेल तर तिची गरजही पडत नाही. तेलकट किंवा गंजक्या पत्र्यावर ओतलेला लेप आज ना उद्या सुटतो आणि त्याचे पापुद्रे गंजापेक्षाही लवकर कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, तुंबवतात. सुटलेला लेप काढणे हे मूळ गंज काढण्याहून कितीतरी त्रासाचे असते. म्हणून या लेखात सफाईला अधिक जागा दिली आहे.

गंज कुठे आणि का धरतो

अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते आणि रात्री गार होते. तापल्यावर आतली हवा झाकणाच्या छिद्रातून बाहेर जाते, गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातील बाष्प वरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंबांच्या रूपात जमते. हे थेंब पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल थोडे पाणी स्वतःत सामावून घेते. इथेनॉलचे प्रमाण दहा टक्के असेल तर ही मर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल यांचा एकत्र थर वेगळा होऊन खाली उतरतो आणि तळाच्या पत्र्याला कुरतडू लागतो. झाकणाखालच्या खोबणीतील पाणी वाहून नेणारी बारीक नळी तुंबली असेल, तर पावसाचे किंवा गाडी धुतानाचे पाणी थेट आत उतरते.

बहुतेक टाक्या चौकटीच्या नळीवर खोगिरासारख्या बसतात, त्यामुळे तळाला डावी-उजवीकडे दोन खोलगट भाग तयार होतात. कॉक एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूचे पाणी कधीच बाहेर पडत नाही. छिद्रे शोधायची असतील तर आधी त्या बाजूचा तळ आणि खालचा जोड पाहावा. बाहेरून रंगाला आलेला लहानसा फोड, त्याच्या कडेला ओलसर डाग आणि नखाने दाबल्यावर रंगाखाली जाणवणारा भुसभुशीतपणा दिसला, की तिथला पत्रा आतून खाल्लेला आहे असे धरून चालावे.

आधी पारख

टाकीला लोहचुंबक लावून ती लोखंडी पत्र्याचीच आहे याची खात्री करावी. ॲल्युमिनियमच्या टाकीला पुढे सांगितलेली रसायने आणि विजेची पद्धत चालत नाही. त्यानंतर पेट्रोल काढून, वास विरल्यावर, बंदिस्त एलईडी विजेरीच्या उजेडात आत पाहावे. तोंडातून आत जाणारा छोटा कॅमेरा मिळाला तर उत्तमच. आतला पत्रा फिकट तपकिरी दिसत असेल, बोट फिरवल्यावर धूळ लागत असेल पण खवले निघत नसतील, तर केवळ सफाई पुरे. जाड पोपडे, खडबडीत खड्डे किंवा एखाद-दुसरे छिद्र असेल तर सफाईनंतर लेप द्यावा. तळाचा पत्रा अंगठ्याच्या दाबाने आत जात असेल किंवा जोडाच्या कडेने लांबवर पाझर असेल, तर घरच्या दुरुस्तीच्या फंदात न पडता पत्रा बदलून घ्यावा किंवा दुसरी टाकी पाहावी. पत्र्याची ताकद गेली असेल तर ती लेपाने परत येत नाही.

जिवाची काळजी

पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की मिश्रण स्फोटक बनते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र नेमके हेच मिश्रण तयार असते. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक मानावी. काम उघड्यावर करावे आणि जवळपास शेगडी, गीझरची ज्योत, विडी-सिगारेट, ग्राइंडर यांपैकी काहीही नसावे. रसायने हाताळताना डोळ्यांवर बंद चष्मा आणि हातात नायट्राइलचे किंवा जाड रबरी हातमोजे घालावेत. नळीने पेट्रोल काढताना ते तोंडाने ओढू नये, हातपंप वापरावा.

टाकी उतरवणे आणि तोंडे बंद करणे

बॅटरीची ऋण तार सोडून मग टाकी काढावी. कॉक, झाकण, इंधनमापकाचा फ्लोट आणि इंजेक्शनची गाडी असेल तर पंप, हे सर्व वेगळे करावे. कॉकच्या वरची जाळी नीट पाहून घ्यावी, कारण तिच्यावर काय साचले आहे त्यावरून आतल्या गंजाची जात कळते: पिठासारखी बारीक पूड असेल तर गंज वरवरचा, चपटे खवले असतील तर खोलवरचा.

आता प्रत्येक तोंड पाण्याला दाद देणार नाही असे बंद करावे लागते. कॉकच्या आणि फ्लोटच्या जागी जाड पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा तुकडा कापून, खाली रबरी चकती ठेवून मूळ बोल्टांनी आवळावा. भरण्याच्या तोंडाला फुगणारे रबरी बूच सर्वांत सोयीचे. मूळ झाकण या कामासाठी वापरू नये. त्याचे रबर आणि कुलूप रसायनाने खराब होते. टाकीत आतून जाणाऱ्या बारीक नळ्या मोकळ्या आहेत ना, हे आत्ताच फुंकून तपासावे आणि त्यांच्या जागा लिहून ठेवाव्यात. लेप देताना याच नळ्या विसरल्या जातात.

बाहेरचा रंग राखायचा असेल तर टाकीवर जाड प्लास्टिक गुंडाळून तोंडाभोवती चिकटपट्टी लावावी. रसायनाचा ओघळ रंगावर आला तर तो लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

तेलकटपणा काढणे

ही पायरी कंटाळवाणी असल्याने टाळली जाते आणि पुढचे बरेचसे अपयश तिथेच सुरू होते. जुने पेट्रोल सुकून पत्र्यावर पिवळसर, चिकट थर धरते आणि त्याच्याखालच्या गंजापर्यंत कोणतेही आम्ल पोहोचत नाही. गरम पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण भरपूर घालून टाकी निम्मी भरावी, हलवावी, अर्धा तास ठेवावी आणि ओतावी. पाणी स्वच्छ निघेपर्यंत आणि पेट्रोलचा वास जाईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. पिवळा थर तरीही राहिला तर थोडे ॲसिटोन आत फिरवून काढावे, ते वेगळ्या डब्यात साठवावे आणि त्यानंतर पुन्हा साबणाने धुवावे. आत थोडे पाणी शिंपडून पाहिले असता ते सलग पसरले तर पत्रा स्वच्छ आहे; थेंब वेगवेगळे उभे राहिले तर तेल अजून बाकी आहे.

सुटे खवले पाडणे

जाड पोपडे रसायनाने काढत बसण्यापेक्षा आधी आपटून पाडलेले बरे. यासाठी बारीक नट किंवा स्क्रू मूठभर घ्यावेत, मात्र आत टाकण्यापूर्वी ते मोजावेत आणि बाहेर काढल्यावर पुन्हा मोजावेत. बारीक साखळीचा तुकडाही चांगला. तिच्या एका टोकाला तार बांधून ती तोंडाबाहेर ठेवली तर शोधाशोध करावी लागत नाही. साबणाचे थोडे पाणी घालून टाकी गोधडीत गुंडाळावी आणि एकेका बाजूवर आडवी करून मागे-पुढे हलवावी. वरचा पत्रा सर्वांत दुर्लक्षित राहतो, म्हणून टाकी उलटी धरून तेवढाच वेळ त्यालाही द्यावा. निघालेले पाणी फडक्यातून गाळून पाहिले की काय पडले ते दिसते.

गंज विरघळवणे

घरी करण्याच्या कामासाठी सायट्रिक ॲसिड ही माझी पहिली पसंती आहे. ते पूड स्वरूपात मिळते, हाताळायला तुलनेने सौम्य असते आणि गंज खाताना चांगल्या पत्र्याला फारसे दुखवत नाही. दर लिटर पाण्याला 50 ते 100 ग्रॅम पूड घालावी, पाणी 50 ते 60 अंश सेल्सिअस असावे आणि टाकी अगदी गळ्यापर्यंत भरावी. अर्धी भरून अधूनमधून पालथी करण्याची युक्ती नीट साधत नाही, कारण द्रावणाच्या पातळीवर पत्र्याला रेघ पडते आणि उघडा भाग पुन्हा गंजतो. बूच घट्ट लावू नये. आम्ल आणि लोखंड यांच्या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो आणि त्याला बाहेर जायला वाट हवी. बारा तासांनी आत पाहावे. द्रावण हिरवट-पिवळे झाले असेल आणि पत्रा करडा दिसू लागला असेल, तर काम होत आले. गंज बाकी असेल तर नवे द्रावण भरावे. एक दिवस उलटून गेल्यावर मात्र तेच द्रावण आत ठेवण्यात अर्थ नसतो, कारण गंज संपल्यावर आम्ल पत्र्याकडे वळते.

साधे व्हिनेगरही चालते, पण त्यातील ॲसेटिक ॲसिड जेमतेम पाच टक्के असल्याने त्याला दोन-तीन दिवस लागतात. फॉस्फोरिक ॲसिडचा फायदा वेगळा आहे: ते गंज काढून पत्र्यावर लोह-फॉस्फेटचा करडा थर सोडते, जो काही काळ नवा गंज रोखतो आणि लेपाला धरायला चांगला पृष्ठभाग देतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे फरशी साफ करण्याचे ॲसिड, मिनिटांत गंज काढते म्हणून अनेकांना प्रिय आहे. मी ते सुचवणार नाही. ते पातळ झालेल्या जागी पत्रा आरपार खाते, मूळचा जस्ताचा मुलामा असेल तर तो उतरवते, त्याची वाफ आसपासच्या अवजारांनाही गंज चढवते आणि टाकी धुऊन होईपर्यंत तिच्यावर नारिंगी थर पुन्हा आलेला असतो.

विजेने गंज काढणे

पत्रा फारच पातळ झाला असेल तर इलेक्ट्रोलिसिस हा सर्वांत हळुवार मार्ग, कारण त्यात चांगले लोखंड जवळजवळ खर्ची पडत नाही. टाकीत पेट्रोलचा अंशही नसावा, ही पहिली अट. दर लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून टाकी भरावी. मीठ घालू नये. त्यातून विषारी क्लोरीन निघतो. भरण्याच्या तोंडातून साध्या लोखंडाची सळई आत सोडावी आणि ती टाकीला कुठेही टेकणार नाही अशा रीतीने लाकडी किंवा रबरी आधारावर टांगावी. 12 व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीच्या उघड्या धातूला आणि धन तार सळईला जोडावी. हा क्रम उलटला तर टाकीच विरघळू लागेल, म्हणून वीज सुरू करण्यापूर्वी तारा दुसऱ्यांदा पाहाव्यात. सळई स्टेनलेस स्टीलची कदापि नसावी; तिच्यातील क्रोमियमची घातक संयुगे पाण्यात उतरतात. प्रवाह दोन ते पाच अँपिअर पुरेसा असतो. काही नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नसेल तर सुरूच होत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

सळईवर काही तासांत तांबूस चिखल चढतो. तो खरवडून काढला नाही तर प्रवाह मंदावतो. सळईसमोरच्या भागाचा गंज आधी निघतो, त्यामुळे तिची जागा अधूनमधून बदलावी, आणि कोपऱ्यांसाठी ती थोडी वाकवून घ्यावी. या क्रियेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही निघतात, तेव्हा उघड्यावरच काम करावे आणि तारा काढण्यापूर्वी चार्जरचे बटण भिंतीवरच बंद करावे. चिमटा सुटताना उडालेली एक ठिणगी त्या वायूला पुरेशी असते.

धुणे आणि वाळवणे

येथून पुढे मध्ये थांबता येत नाही. आम्लातून निघालेला उघडा पत्रा हवेत काही मिनिटांतच नारिंगी पडू लागतो. म्हणून टाकी रिकामी करण्यापूर्वीच खाण्याच्या सोड्याचे पाणी, स्वच्छ पाण्याची नळी आणि ॲसिटोन हाताशी ठेवावे. आम्ल ओतून लगेच एकदा पाणी फिरवावे, मग लिटरला दोन-तीन चमचे सोडा घातलेले पाणी आत फिरवून फेस थांबेपर्यंत हलवावे आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे. पाणी निथळताच पाव लिटर ॲसिटोन आत फिरवून ओतून टाकावे; ते पत्र्यावरचे पाणी स्वतःत घेऊन बाहेर पडते. त्यानंतर गार हवेचा झोत द्यावा. ॲसिटोनचा वास येत असेपर्यंत केस वाळवण्याचे यंत्र किंवा हीट गन तोंडाशी नेऊ नये, कारण त्यांची तापलेली तार ती वाफ पेटवू शकते. वास पूर्ण गेल्यावर कोमट हवेने तासभर वाळवावे. जोडाच्या घडीत लपलेले पाणी सर्वांत शेवटी निघते.

लेप द्यायचा नसेल तर याच वेळी थोडे टू-स्ट्रोक तेल आत फिरवून टाकी बसवावी आणि लगेच पेट्रोलने भरावी. लेप द्यायचा असेल तर तेलाचा थेंबही आत जाता कामा नये.

गंज विरघळलेल्या द्रावणातील आम्लपणा सोड्याने घालवून मगच ते टाकावे. काढलेले पेट्रोल आणि वापरलेले ॲसिटोन गटारात न ओतता टाकाऊ रसायने घेणाऱ्यांकडे द्यावे.

छिद्रे शोधणे आणि बुजवणे

गंजाच्या खपल्यांनीच बुजलेली छिद्रे सफाईनंतर उघडी पडतात. याला नुकसान समजू नये. ती आधीपासून होतीच. सर्व तोंडे बंद करून, एका नळीतून तोंडाने हलकेच हवा फुंकून, बाहेरून साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे येतील तिथे खूण करावी. कॉम्प्रेसर अजिबात जोडू नये. टाकीची एक बाजू हजार चौरस सेंटिमीटरची धरली तर दोन पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबालाच तिच्यावर सुमारे 140 किलोचे वजन येते आणि सपाट पत्रा फुगून कायमचा बेढब होतो.

टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आतल्या लेपाने बुजतात, तरी बाहेरून आधार दिलेला चांगला. छिद्राभोवती दोन बोटे रुंदीचा रंग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करावा, ॲसिटोनने पुसावा आणि पेट्रोलला टिकणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी दाबून बसवावी. साध्या पुट्ट्या इथेनॉलने मऊ पडतात, तेव्हा पाकिटावर पेट्रोलचा स्पष्ट उल्लेख असल्याची खात्री करावी. छिद्र मसुराएवढे किंवा मोठे असेल तर इपॉक्सी राळेत भिजवलेल्या काचतंतूच्या कापडाचे दोन-तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, लावावेत. वेल्डिंग किंवा ज्योतीने सोल्डर घरी करू नये. धुतलेल्या टाकीच्या जोडात राहिलेले पेट्रोलही उष्णतेने वाफ होऊन पेट घेते. हे काम टाकी निर्धोक करण्याची पद्धत ठाऊक असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

लेप देणे

दोन भागांचा इपॉक्सी लेप आणि हवेतील बाष्पाने घट्ट होणारा एकभागी युरेथेन लेप, असे दोन प्रकार मुख्यतः वापरात आहेत. कोणताही घेतला तरी तो इथेनॉलयुक्त पेट्रोलला टिकतो असे पाकिटावर लिहिलेले असावे. जुन्या पद्धतीचे काही लेप इथेनॉलमध्ये सुटतात. लेपासोबतच्या सूचना आणि या लेखातील मजकूर यांत फरक आढळला तर सूचनाच पाळाव्यात.

आतल्या बारीक नळ्यांमध्ये नायलॉनची जाड दोरी ओवून ठेवावी, बोल्टांच्या आट्यांमध्ये ग्रीस लावलेले बोल्ट पिळावेत, झाकणाच्या बैठकीला आणि पंपाच्या कडेला चिकटपट्टी लावावी. इपॉक्सीचे दोन भाग दिलेल्या प्रमाणात मोजून, भांड्याचा तळ आणि कडा खरवडत, फेस न येऊ देता सावकाश मिसळावेत. मिसळल्यावर काम करायला बहुधा अर्ध्या तासाच्या आतबाहेर वेळ मिळतो आणि उष्ण दिवशी तो आणखी घटतो, म्हणून सर्व तयारी आधी झालेली असावी.

लेप ओतून तोंड बंद करावे आणि टाकी घाई न करता फिरवावी: आधी तळ, मग दोन्ही बाजू, पुढचा उतार, मागचे टोक आणि शेवटी उलटी करून वरचा पत्रा. जोरात हलवल्याने बुडबुडे धरतात. प्रत्येक जोडावरून लेप दोनदा तरी सरकला पाहिजे. सगळीकडे सलग थर बसल्याचे विजेरीने पाहून उरलेला लेप बाहेर निथळू द्यावा. तो फक्त कॉकच्या बाजूने निघतो. पलीकडचा खोलगट भाग रिकामा करायला टाकी उलटी करून भरण्याच्या तोंडाकडे कलती करावी लागते. तळाशी साचलेला जाड थर आतून नीट वाळत नाही, पुढे तडकतो आणि टाकीची क्षमताही घटवतो. लेप घट्ट होण्याआधी, पण ओघळणे थांबल्यावर, दोरी ओढून काढावी, बोल्ट अर्धा फेरा फिरवावेत आणि चिकटपट्टी सोलावी.

झाकण उघडे ठेवून टाकी कोरड्या, उबदार जागी सुकू द्यावी. बोटाला लेप कोरडा लागला म्हणजे तो पेट्रोलला तयार झाला असे नाही. प्रकारानुसार त्याला चार दिवसांपासून आठवड्यापर्यंत वेळ लागतो. घाईने भरलेले पेट्रोल अर्धवट पिकलेल्या लेपात शिरते आणि तो मऊ पडून सुटतो.

पुन्हा बसवताना

कॉकची जुनी जाळी आणि रबरी चकत्या बदलाव्यात, कार्ब्युरेटर किंवा पंप स्वच्छ करावा आणि झाकणाचे श्वासछिद्र मोकळे असल्याचे पाहावे. ते बुजले तर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरत नाही आणि दोष विनाकारण लेपावर जातो. इंधनाच्या नळीत पारदर्शक फिल्टर बसवावा. सुरुवातीला एखादा लिटरच पेट्रोल घालून तळाखाली कोरडा कागद रात्रभर ठेवावा आणि कागद कोरडा राहिला तरच टाकी भरावी. पहिली भरलेली टाकी संपेपर्यंत फिल्टरवर लक्ष ठेवावे: तपकिरी धूळ दिसली तर सफाईत कसर राहिली आहे, आणि लेपाच्या रंगाचे पातळ तुकडे दिसले तर गाडी चालवणे थांबवून टाकी पुन्हा उतरवावी. पुढे गाडी महिनाभर किंवा अधिक उभी ठेवायची झाल्यास टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी आणि ज्या बाजूला कॉक नाही त्या बाजूचे पाणी वर्षातून एकदा टाकी कलती करून काढावे.